अन्नजन्य जिवाणूंचा नैसर्गिक परिरक्षकांविरुद्धचा प्रतिरोध

मीठ, आम्ल, मसाल्यांतील सुगंधी तेले, नायसिन अशा नैसर्गिक पदार्थांचा मारा सहन करून तग धरण्याची, प्रसंगी त्या परिस्थितीतही वाढण्याची जी क्षमता अन्नातून रोग पसरवणाऱ्या जिवाणूंमध्ये आढळते, तिला नैसर्गिक परिरक्षकांविरुद्धचा प्रतिरोध असे म्हणतात. ही क्षमता काही जिवाणूंत उपजत असते, काहींत परिस्थितीनुसार तात्पुरती निर्माण होते, तर काहींत जनुकीय बदलामुळे कायमची येते. साल्मोनेला, एश्चेरिशिया कोलाय (ई. कोलाय), लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, बॅसिलस सिरियस आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हे या संदर्भात विशेष अभ्यासले गेलेले जिवाणू होत.

परिरक्षक नैसर्गिक आहे एवढ्यावरून त्याच्याविरुद्ध प्रतिरोध निर्माण होणार नाही, असे मानता येत नाही. हे पदार्थ वनस्पतींनी, प्राण्यांनी आणि इतर सूक्ष्मजीवांनी स्वसंरक्षणासाठी निर्माण केलेले आहेत. त्यांच्याशी जिवाणूंचा सामना मानवाच्या स्वयंपाकघरापेक्षा कितीतरी जुना आहे. परिरक्षकाची मात्रा अपुरी पडली, की हा प्रतिरोध विशेषत्वाने प्रकट होतो.

संज्ञा आणि प्रकार

जिवाणूची वाढ थांबवण्यास लागणाऱ्या परिरक्षकाच्या सर्वांत कमी प्रमाणाला किमान प्रतिबंधक मात्रा म्हणतात. एखाद्या वाणासाठी ही मात्रा पूर्वीपेक्षा वाढली, तर त्या वाणात प्रतिरोध आला असे समजतात. वाढ न होताही जिवाणू मारा सोसून जिवंत राहत असेल, तर त्यास सहनशीलता म्हणतात. व्यवहारात या दोन्ही संज्ञा पुष्कळदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. प्रतिरोधाचे तीन प्रकार मानले जातात.

१. उपजत प्रतिरोध : जिवाणूच्या मूळ रचनेमुळे लाभलेला. उदाहरणार्थ, ई. कोलाय व साल्मोनेला यांसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना बाहेरून एक अधिकचे पटल असते. त्यामुळे नायसिन आतील पेशीपटलापर्यंत सहजी पोहोचत नाही.

२. अनुकूलनजन्य प्रतिरोध : सौम्य ताण मिळाल्यावर जिवाणू आपली संरक्षक यंत्रणा जागृत करतो आणि पुढचा तीव्र ताण सोसतो. ताण दूर झाल्यावर ही क्षमता बहुधा ओसरते.

३. अर्जित प्रतिरोध : उत्परिवर्तनाने किंवा दुसऱ्या जिवाणूकडून जनुके मिळाल्याने आलेला. हा पुढील पिढ्यांत उतरतो.

अन्नात प्रामुख्याने पहिले दोन प्रकार दिसून येतात. औषधांच्या बाबतीत चिंतेचा ठरलेला तिसरा प्रकार परिरक्षकांच्या बाबतीत तुलनेने कमी, परंतु निश्चितपणे आढळलेला आहे.

प्रमुख नैसर्गिक परिरक्षके

भारतात अन्नभेसळ प्रतिबंधक नियम, १९५५ यांनी परिरक्षकांचे दोन वर्ग पाडले होते. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये झालेल्या विनियमांतही हेच वर्गीकरण आले. मीठ, साखर, मध, मसाले, व्हिनेगर आणि खाद्यतेले ही पहिल्या वर्गातील परिरक्षके होत. दुसऱ्या वर्गात बेंझोइक आम्ल, सॉर्बिक आम्ल, सल्फ्युरस आम्ल इत्यादींचा समावेश होतो. जिवाणूंपासून मिळणारे नायसिन नैसर्गिक असूनही दुसऱ्या वर्गात मोडते. यावरून ‘नैसर्गिक’ हा शब्द उत्पत्ती सांगतो, नियमनाची पातळी नव्हे, हे स्पष्ट होते.

मराठी घरांतील साठवणीचे पदार्थ बहुतांशी पहिल्या वर्गातील परिरक्षकांवर टिकतात. लोणच्यात मीठ, कैरीची किंवा लिंबाची आंबटी, मोहरीची डाळ, हळद, हिंग आणि वरून तेल असे अनेक घटक एकत्र येतात. मुरांब्यात साखर, कोकमात आम्ल व मीठ, सुक्या मासळीत मीठ व शुष्कता, तर दह्या-ताकात दुग्धाम्ल हे मुख्य परिरक्षक असते. मसाल्यांतील क्रियाशील घटकांपैकी ओव्यातील थायमॉल, लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड, लसणातील ॲलिसिन, मोहरीतील आयसोथायोसायनेट आणि हळदीतील कर्क्युमिन हे विशेष परिचित आहेत.

प्रतिरोधाच्या यंत्रणा

आम्ल

द्रावणाची आम्लता सामू या परिमाणाने मोजतात. सामू जितका कमी तितकी आम्लता अधिक. आम्ल पेशीत शिरले की आतील सामू उतरतो आणि विकरांचे कार्य मंदावते. जिवाणू यावर तीन प्रकारे मात करतात : जादा हायड्रोजन आयन बाहेर फेकणे, ते आत खर्ची पाडणे आणि बिघडलेली प्रथिने दुरुस्त करणे. ई. कोलायमधील ग्लुटामेट डीकार्बोक्सिलेज हे विकर ग्लुटामेटचे रूपांतर करताना एक हायड्रोजन आयन वापरून टाकते. तयार झालेला पदार्थ पेशीबाहेर जातो आणि त्याच्या बदल्यात नवे ग्लुटामेट आत येते. लिस्टेरियातही अशीच व्यवस्था आहे.

अमेरिकी संशोधक जॉन फॉस्टर आणि हॉली हॉल यांनी १९९० मध्ये साल्मोनेलातील आम्ल-सहनशीलतेचा प्रतिसाद वर्णन केला. सामू ५.८ इतक्या सौम्य आम्लात थोडा काळ ठेवलेले जिवाणू पुढे ३.३ सामूच्या आम्लात, पूर्वतयारी न झालेल्या जिवाणूंपेक्षा कितीतरी अधिक संख्येने वाचले. ग्रेगरी लायर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९२ मध्ये हेच चीजच्या संदर्भात दाखवले. त्यांच्या पुढील अभ्यासात, आम्लास सरावलेला साल्मोनेला उष्णता व मीठ यांसही अधिक तोंड देतो असे दिसून आले. एका ताणामुळे दुसऱ्या ताणाविरुद्ध मिळणाऱ्या अशा संरक्षणास आडसंरक्षण म्हणता येईल.

या क्षमतेचे गंभीर परिणाम प्रत्यक्षातही दिसले आहेत. १९९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे आणि १९९६ मध्ये त्या देशाच्या पश्चिम भागात पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ१५७:एच७ या वाणाच्या साथी उद्भवल्या. सफरचंदाचा रस पुरेसा आंबट असल्याने सुरक्षित असतो, हा समज त्यामुळे मागे पडला.

मीठ आणि साखर

मीठ व साखर अन्नातील पाणी बांधून ठेवतात. जिवाणूंना उपलब्ध राहणाऱ्या पाण्याचे मान जलक्रियता या संख्येने दर्शवतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ असते. ती उतरली की पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. यावर उपाय म्हणून जिवाणू बीटेन, कार्निटिन, प्रोलीन असे निरुपद्रवी पदार्थ पेशीत साठवतात आणि आतले पाणी धरून ठेवतात. हे पदार्थ ते बहुधा अन्नातूनच मिळवतात.

बहुसंख्य रोगकारक जिवाणूंची वाढ ०.९० पेक्षा कमी जलक्रियतेत थांबते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस मात्र सुमारे ०.८६ पर्यंत वाढू शकतो आणि १५ टक्के मिठातही तग धरतो. लिस्टेरिया १० टक्के मिठात वाढतो, शिवाय शीतकपाटाच्या तापमानातही वाढतो. साल्मोनेला कोरड्या पदार्थांत वाढत नाही, परंतु महिनोन्‌महिने जिवंत राहतो. म्हणून ‘वाढ थांबली’ आणि ‘जिवाणू मेले’ या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मसाल्यांतील तेले

थायमॉल, कार्व्हॅक्रॉल, युजेनॉल यांसारखे पदार्थ पेशीपटलात विरघळून त्याला सच्छिद्र करतात. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बॅसिलस सिरियस हा जिवाणू कार्व्हॅक्रॉलच्या अल्प मात्रेत वाढवला असता त्याच्या पेशीपटलातील मेदाम्लांचे प्रमाण बदललेले आढळले. पटलाच्या तरलतेत फरक पडल्याने जिवाणूवर कार्व्हॅक्रॉलचा परिणाम कमी झाला.

दुसरा मार्ग म्हणजे पेशीत शिरलेला पदार्थ बाहेर उपसणारे प्रथिनांचे पंप. ई. कोलायमधील ‘एसीआरएबी-टॉलसी’ हा पंप सुगंधी तेलांचे घटक, पित्तक्षार आणि अनेक प्रतिजैविके बाहेर टाकतो. तिसरा मार्ग रासायनिक रूपांतराचा आहे. सिनॅमाल्डिहाइडचे तुलनेने कमी विषारी अल्कोहोलात रूपांतर करून ई. कोलाय त्याची धार बोथट करतो.

लसणाचे उदाहरण बोलके आहे. ॲलिसिन हे जिवाणूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांवर हल्ला करते. तरीही खुद्द लसणाच्या कांद्यात राहणारा स्यूडोमोनास वंशातील एक जिवाणू जर्मनीतील संशोधकांनी वेगळा केला. ॲलिसिन सोसण्यास साहाय्यभूत होणारे जनुकांचे संच त्याच्या गुणसूत्रावर आढळले आणि ते इतर जिवाणूंकडून आलेले असावेत, असा निष्कर्ष २०२० मध्ये मांडला गेला. हा जिवाणू अन्नविषबाधा करणारा म्हणून ओळखला जात नाही. मात्र वनस्पतीच्या संरक्षक अस्त्रावर तोड काढणारी जनुके निसर्गात आधीच उपलब्ध आहेत, हे त्यातून दिसून येते.

नायसिन आणि लायसोझाइम

नायसिन हे लॅक्टोकॉकस लॅक्टिस या दुग्धाम्ल जिवाणूने तयार केलेले ३४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड आहे. १९६९ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने, तर १९८८ मध्ये अमेरिकेने त्याला अन्नातील वापरासाठी मान्यता दिली. ते पेशीभित्तिका उभारणीतील ‘लिपिड-२’ या रेणूला चिकटते आणि पेशीपटलाला छिद्रे पाडते.

नायसिनविरुद्ध जिवाणूंनी अवलंबलेले मार्ग अनेक आहेत. लिस्टेरिया व स्टॅफिलोकॉकस आपल्या पृष्ठभागावरील ऋण विद्युतभार कमी करतात, त्यामुळे धनभारित नायसिन तेथे नीट चिकटत नाही. काही जिवाणूंत नायसिन-प्रतिरोधक प्रथिन असते. ते नायसिनच्या शेवटची सहा अमिनो आम्ले छाटून टाकते. हे जनुक लॅक्टोकॉकसच्या काही वाणांत प्लाझ्मिडवर, म्हणजे एका पेशीतून दुसरीत जाऊ शकणाऱ्या वर्तुळाकार डीएनएवर, सापडले आहे. पेडिओसिन या दुसऱ्या जीवाणुनाशक पेप्टाइडचा मार्ग लिस्टेरिया आणखी सोप्या रीतीने रोखतो. पेडिओसिन ज्या शर्करावाहक प्रथिनाला चिकटते, त्याची निर्मितीच तो घटवतो.

अंड्याच्या पांढऱ्या भागातील लायसोझाइम पेशीभित्तिका तोडते. चीज-उत्पादनात त्याचा वापर होतो. लिस्टेरिया भित्तिकेतील शर्करेत किंचित रासायनिक बदल करतो, त्यामुळे लायसोझाइमला ती ओळखता येत नाही.

बीजाणू आणि जैवपटल

बॅसिलस व क्लॉस्ट्रिडियम या वंशांतील जिवाणू प्रतिकूल काळात बीजाणूंच्या रूपाने सुप्त राहतात. बीजाणूंवर मीठ, मसाले, मध यांचा फारसा परिणाम होत नाही. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणातून बोट्युलिझमची साथ आली आणि ३६ जण बाधित झाले. तेलाखाली प्राणवायू पोहोचत नाही आणि आम्लही नव्हते. अशा स्थितीत लसूण स्वतः परिरक्षक असूनही बीजाणू रुजले आणि त्यांनी विष तयार केले. हा जिवाणू ४.६ पेक्षा कमी सामूत वाढत नाही. त्यामुळे तेलातील लसूण आणि लिंबाच्या रसात मुरवलेले लसणाचे लोणचे यांत सुरक्षिततेच्या दृष्टीने मोठा फरक पडतो.

भांडी व यंत्रांच्या पृष्ठभागावर जिवाणू एकत्र येऊन चिकट थर तयार करतात. त्यास जैवपटल म्हणतात. थराच्या आतील जिवाणूंपर्यंत परिरक्षक अल्प प्रमाणात पोहोचते. त्यातून त्यांना सरावण्याची संधी मिळते.

अपुऱ्या मात्रेचे महत्त्व

प्रयोगशाळेतील द्रवात जी मात्रा पुरेशी ठरते, ती अन्नात पुष्कळदा अपुरी पडते. सुगंधी तेले अन्नातील स्निग्धांशात विरघळतात, नायसिन प्रथिनांना व मेदाला चिकटते आणि कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. परिणामतः जिवाणूपर्यंत पोहोचणारी मात्रा मारक न राहता केवळ डिवचणारी ठरते. मात्रा वाढवावी तर चव व वास बिघडतो.

आरोग्याच्या कारणाने मीठ व साखर कमी करण्याकडे आणि कृत्रिम परिरक्षके टाळण्याकडे ग्राहकांचा कल वाढला आहे. मीठ कमी करण्यास वैद्यकीय आधार आहे. तथापि पारंपरिक कृतीतील मीठ केवळ चवीसाठी नसते. त्याचे प्रमाण घटवले आणि त्या जागी दुसरा अडथळा उभा केला नाही, तर जुना पदार्थ नावापुरताच जुना राहतो.

आंबवण्याचा वेगही महत्त्वाचा असतो. ताजे व जोमदार विरजण दुधाचा सामू लवकर खाली आणते. विरजण दुर्बल असल्यास दूध सावकाश आंबते आणि त्यात साल्मोनेलासारखा जिवाणू असल्यास त्याला सौम्य आम्लात सरावण्यास अवधी मिळतो.

हळद : वायगाव ते प्रयोगशाळा

नागपूर–हैदराबाद महामार्गावरील जाम हे गाव वर्धा जिल्ह्याच्या ज्या समुद्रपूर तालुक्यात येते, त्याच तालुक्यातील वायगाव हे हळदीसाठी प्रसिद्ध आहे. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कर्क्युमिनच्या अधिक प्रमाणासाठी ती ओळखली जाते. काढणीनंतर हळदीचे कंद उकळून, वाळवून व घासून मग दळले जातात. उकळण्याने बहुतेक जिवाणू नष्ट होतात, परंतु बॅसिलस सिरियससारख्यांचे बीजाणू टिकू शकतात. उघड्यावर वाळवताना धूळ व पक्ष्यांची विष्ठा यांतून नव्याने दूषितीकरण होण्याचा संभव असतो.

प्रयोगशाळेत कर्क्युमिन अनेक जिवाणूंची वाढ रोखते. ग्रॅम-धन जिवाणूंवर त्याचा प्रभाव तुलनेने अधिक असतो. मात्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संध्या मराठे, दीपशिखा चक्रवर्ती आणि सहकारी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वेगळेच चित्र समोर आले. कर्क्युमिनच्या सान्निध्यात साल्मोनेला टायफिम्युरियममधील रोगकारकतेशी संबंधित काही जनुके, तसेच शरीरातील जीवाणुनाशक पेप्टाइडांना तोंड देण्यास साहाय्य करणारी जनुके अधिक कार्यरत झाली. उंदरांवरील प्रयोगांत संसर्गाची तीव्रता वाढली. याच गटाने पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा साल्मोनेलावरील परिणाम कर्क्युमिनमुळे कमी होतो, असेही दाखवले.

हे निष्कर्ष शुद्ध कर्क्युमिनच्या प्रयोगांतील आहेत. रोजच्या वरण-भाजीतील चिमूटभर हळदीने असाच परिणाम होतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु एकच नैसर्गिक पदार्थ एका जिवाणूस मारक आणि दुसऱ्यास बळ देणारा ठरू शकतो, हे त्यांतून दिसते.

मसाला : परिरक्षक आणि वाहक

मसाले हे परिरक्षक असले तरी जिवाणूंचे वाहकही ठरतात. १९९३ मध्ये जर्मनीत पापरिका मिरचीची पूड लावलेल्या बटाट्याच्या वेफर्समधून साल्मोनेलाची साथ पसरली. बाधितांची संख्या सुमारे १,००० असल्याचा अंदाज होता आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे होते. २००९–१० मध्ये अमेरिकेत मिरी व लाल मिरचीचा थर दिलेल्या सलामीमुळे २७२ जणांना साल्मोनेला माँटेव्हिडिओचा संसर्ग झाला. सलामी आंबवून, खारवून व वाळवून टिकवलेली असते. संसर्ग मात्र तिच्यावर पसरलेल्या मसाल्यातून आला होता.

भारतात १९९४ मध्ये मसाल्यांवरील किरणन प्रक्रियेस परवानगी मिळाली. नवी मुंबईतील वाशी येथे विकिरण व आयसोटोप तंत्रज्ञान मंडळाचा मसाल्यांसाठीचा किरणन प्रकल्प २००० मध्ये सुरू झाला. मसाल्यांसाठी ६ ते १४ किलोग्रे मात्रा विहित करण्यात आली. या प्रक्रियेत मसाल्याचा सुगंध बराचसा टिकून राहतो आणि सूक्ष्मजीवांची संख्या मोठ्या प्रमाणात घटते.

प्रतिजैविक प्रतिरोधाशी संबंध

परिरक्षक आणि प्रतिजैविक यांच्याविरुद्धच्या काही यंत्रणा समाईक आहेत. अमेरिकेतील स्टुअर्ट लेव्ही यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये पाइन वृक्षाच्या तेलाचा वापर करून ई. कोलायचे प्रतिरोधक वाण निवडले. हे वाण प्रतिजैविकांना न भेटताही अनेक प्रतिजैविकांविरुद्ध प्रतिरोधक निघाले. दोन्हींच्या मुळाशी ‘मार’ हा नियामक जनुकसमूह आणि वर उल्लेखिलेला उपसा-पंप होता.

असे असले तरी प्रतिजैविक प्रतिरोधाचे मुख्य कारण मानव, पशू व कुक्कुटपालन यांतील प्रतिजैविकांचा अवाजवी वापर हेच आहे. नैसर्गिक परिरक्षकांमुळे येणारा प्रतिरोध बहुधा अल्प प्रमाणाचा व उलटवता येणारा असतो. काही उत्परिवर्तनांमुळे जिवाणूची वाढ मंदावते किंवा दुसऱ्या एखाद्या पदार्थासमोर तो अधिक दुर्बल होतो, असेही आढळले आहे.

प्रतिबंध : अडथळा तंत्र

जर्मन शास्त्रज्ञ लोथार लाइस्टनर यांनी १९७० च्या दशकापासून अडथळा तंत्राची संकल्पना मांडली. एकच उपाय टोकाला न नेता उष्णता, आम्ल, मीठ, कमी जलक्रियता, थंडी, परिरक्षक असे अनेक अडथळे एकत्र योजावेत, असे तिचे सूत्र आहे. प्रत्येक अडथळा पेशीच्या वेगळ्या भागावर आघात करतो. सर्व आघाडींवर एकाच वेळी संरक्षण उभारण्यास जिवाणूची ऊर्जा अपुरी पडते. ग्रॅम-ऋण जिवाणूंवर नायसिन सहसा निष्प्रभ असले, तरी त्यांचे बाह्य पटल सैल करणाऱ्या पदार्थासह दिल्यास ते परिणामकारक ठरते.

अडथळ्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी सौम्य व नंतर तीव्र ताण दिल्यास जिवाणूला पूर्वतयारीची संधी मिळते. म्हणून आरंभीच पुरेशी मात्रा देणे श्रेयस्कर असते. परंपरागत लोणच्यात हे तत्त्व आढळते : फोडींना प्रथमच भरपूर मीठ चोळतात, आंबटी मुळात असते, मसाला मागाहून येतो आणि तेलाने वरचा थर झाकला जातो. बरणी कोरडी ठेवणे आणि ओला चमचा न घालणे या जुन्या दंडकांमागील हेतू जलक्रियता वाढू न देणे हाच आहे.

घरगुती व लघुउद्योग स्तरावर पुढील गोष्टी उपयुक्त ठरतात.

• कृतीतील मीठ, साखर किंवा आंबटी कमी केल्यास पदार्थ शीतकपाटात ठेवणे आणि लवकर संपवणे.
• तेलातील कच्चा लसूण किंवा ओल्या वनस्पती आम्ल न घालता खोलीच्या तापमानास साठवून न ठेवणे.
• शिजवल्यानंतर वरून घालायचा मसाला भाजून किंवा फोडणीत परतून घेणे.
• भांडी व यंत्रे घासून, तापवून कोरडी करणे, जेणेकरून जैवपटल तयार होणार नाही.
• विक्रीसाठीच्या लोणची-सॉस यांसारख्या पदार्थांचा सामू प्रत्येक घाण्यास मोजणे.

परिरक्षक हे स्वच्छतेला पर्याय नाही. आरंभी जिवाणूंची संख्या जितकी अधिक, तितकी त्यांच्यात एखादा प्रतिरोधक जिवाणू असण्याची शक्यता अधिक असते. कच्च्या मालातील स्वच्छता, पुरेशी मात्रा आणि एकाहून अधिक अडथळे या तिन्हींच्या एकत्रित वापरानेच नैसर्गिक परिरक्षकांची उपयुक्तता टिकून राहते.

हेही पाहा

• प्रतिजैविक प्रतिरोध
• अन्न परिरक्षण
• अन्नविषबाधा
• लोणचे
• वायगाव हळद